प्रोसेसरला न विचारता

फ्लॉपी फिरू लागली की आयबीएमच्या 1981 च्या पहिल्या पीसीत दर 32 मायक्रोसेकंदांनी एक बाईट येई. तो वेळेत उचलला नाही, तर पुढचा येऊन ठेपे आणि वाचन फसे. 4.77 मेगाहर्ट्झच्या 8088 प्रोसेसरने हीच हमाली करायची ठरवली असती, तर त्याला दुसरं काही करायला उसंतच मिळाली नसती.

म्हणून मदरबोर्डवर इंटेलची 8237 चिप होती: डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी ॲक्सेसची कंट्रोलर. मेमरीत कुठून लिहायला लागायचं आणि एकूण किती बाईट, एवढं प्रोसेसर तिला आधीच सांगून ठेवतो. मग बाईट तयार झाला की फ्लॉपी कंट्रोलर एका तारेवर मागणी करतो. 8237 बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीला जोडणाऱ्या सामायिक तारांचा, ताबा मागते, प्रोसेसर क्षणभर बाजूला होतो. चिप पत्ता मांडते आणि एकाच वेळी दोन इशारे देते: फ्लॉपी कंट्रोलरला ‘दे’, मेमरीला ‘घे’. यातली खरी कमाल अशी, की तो बाईट 8237 मधूनही जात नाही. थेट मेमरीत उतरतो. पत्ता एकाने वाढतो, मोजणी एकाने घटते, बस प्रोसेसरला परत मिळते. 512 बाईटचा सेक्टर पुरा झाल्यावरच प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे काम झाल्याचा इशारा, येतो.

ही चिप नसली की काय होतं, ते 1984 मध्ये विक्रीला आलेल्या आयबीएमच्याच स्वस्त पीसीज्युनियरमध्ये दिसलं. फ्लॉपी वाचताना प्रोसेसर तिथेच अडकून पडे आणि तेवढ्यात मॉडेमवरून आलेली अक्षरं हरवत.

8237 चा पत्ता मात्र फक्त 16 बिटांचा. त्यामुळे एका दमात 64 केबीची हद्द ओलांडता येत नसे. पुढे साउंड कार्डासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना याचा चांगलाच जाच झाला.

पीसीआय बस आल्यावर मधली चिप मागे पडली. आज एसएसडी, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड स्वतःच मेमरीत लिहितात. वेग अफाट वाढला, पण धोकाही आला: थंडरबोल्ट पोर्टला जोडलेलं लबाड उपकरण मेमरीतले पासवर्डसुद्धा वाचू शकतं. त्यावर पहारा म्हणजे आयओएमएमयू. कोणत्या उपकरणाला मेमरीचा कोणता भाग खुला, हे ते ठरवतं आणि बाकीचे पत्ते नाकारतं. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर हा पहारा चालू आहे का, ते ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘कर्नल डीएमए प्रोटेक्शन’ या ओळीपुढे दिसेल. जरूर बघा.