तळाशी बसलेले प्लॅस्टिक

गेल्या पावसाळ्यात सात वर्षांचा एक मुलगा तळहातात सुई टोचली म्हणून माझ्याकडे आला. त्याची आई इंदूरमधील एका भंगाराच्या गोदामात प्लॅस्टिक निवडण्याचे काम करते. सुई सिरिंजसह तिच्याच ढिगात आली होती. लसीकरणाची नोंद नसल्याने हिपॅटायटिस-बीची लस व इम्युनोग्लोब्युलिन दिले, रक्ताच्या पहिल्या चाचण्या केल्या. जाताना मी सहज विचारले, एवढे प्रकार ओळखता कसे? म्हणाली, “आवाज से, डॉक्टर साब. मोड़ के सुनती हूँ.”

एमडी होऊन इतकी वर्षे लोटली, तरी माझ्याच दवाखान्यातील सिरिंज कशाची असते हे मला सांगता आले नसते.

रविवारी मुदत संपलेल्या, न वापरलेल्या वस्तूंचे तुकडे करून पाण्याच्या पातेल्यात टाकले. (ते पातेले पुन्हा स्वयंपाकघरात घेण्यास सौभाग्यवतींनी साफ नकार दिला.) सिरिंजचे नळकांडे पॉलिप्रॉपिलीनचे, घनता सुमारे 0.9, ते तरंगले. सलाईनच्या संचाची मऊ नळी पीव्हीसीची, ती बुडाली. परंतु पाण्याच्या बाटलीचा, म्हणजे पेटचा, तुकडाही तिच्याशेजारीच जाऊन बसला. खरी मेख येथे आहे. पेट वितळण्यास सुमारे 260 अंश सेल्सिअस तापमान लागते. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि थोडक्या भेसळीनेही पेट पिवळे, ठिसूळ होते. म्हणून मोठ्या कारखान्यांत अवरक्त किरणांनी तुकड्याची जात ओळखतात. पीव्हीसी जाळावे, तर डायॉक्सिनचे भय. शिवाय तिला मऊ करणारे डीईएचपी नवजात अर्भकांच्या संदर्भात आम्हां बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचे आहेच.

2016 च्या नियमांनुसार सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. सुईविरहित सिरिंज व नळ्या लाल पिशवीत. तेथून निर्जंतुक होऊन, तुकडे होऊन मगच ते प्लॅस्टिक पुनर्वापरास जायचे. आमच्या इंदूरने 2017 पासून स्वच्छतेत सलग पहिला क्रमांक मिळविला, याचा अभिमान कोणास नाही? पण ती सुई कोणत्या तरी दवाखान्यातूनच निघाली होती.

सोमवारी सकाळी, कर्मचारी येण्यापूर्वी, मी माझ्या दवाखान्यातील साध्या कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. चॉकलेटची वेष्टने, लसींच्या खोक्यांचे पुठ्ठे आणि दोन सिरिंजा. एकीला सुई होती.

त्या मुलाची सहा महिन्यांची चाचणी अद्याप व्हायची आहे.