दोष हाताचा की नळीचा?

मैत्रिणींनो, गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं. बी.ए.ला मराठी घेतलेली मी. इंजिनाशी संबंध एवढाच, की ते सुरू झालं की आपण मागच्या सीटवर बसायचं!

तासगावात आम्ही काही जणींनी मिळून एक जुनी पेट्रोल गाडी ठेवली आहे, २०१४ सालची. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या पेशंटना सांगलीला न्यायचं, आणायचं. चालवते आमच्यातलीच एक, दोन मुलांची आई. तर ही गाडी मार्चपासून मधेच बंद पडायला लागली. आणि तेही नेमकी थांबायला गेली की! स्पीडब्रेकर आला, सिग्नल लागला, की इंजिन गप्प. उभी असली तर आवाज चढायचा, उतरायचा, दम लागल्यासारखा. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा कायमचा.

निकाल लगेच लागला. ‘बाईच्या हातात गाडी, क्लच सोडायचा कळत नाही.’ एका पेशंटच्या मुलानं तर सांगूनच टाकलं, ‘आईला मी दुसऱ्या गाडीनं नेतो.’ खरं सांगते, मलाही आतून तसंच वाटत होतं. ती बिचारी दोनदा म्हणाली होती, ‘काकू, ब्रेक जड लागतोय.’ मी म्हटलं, ‘चप्पल बदल.’ शेवटी एका संध्याकाळी तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हा मात्र मी हलले.

पहिल्या गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ‘ऑक्सिजन सेन्सर बदला, चार-साडेचार हजार.’ शेजारी उभ्या असलेल्या एकानं वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला शिव्या घातल्या. आमच्या डब्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून केवळ मी ‘विचारून सांगते’ म्हणाले. गरिबीही कधी कधी उपयोगी पडते बघा.

माझ्या माहेरच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी स्कॅनर बाजूलाच ठेवला. म्हणाले, ‘ताई, कोड म्हणजे ताप आहे एवढं सांगणारं थर्मामीटर. ताप कशाचा, ते शोधायला लागतं.’ सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता, की हवा जास्त होतेय. ती येतेय कुठून?

हे समजायला आपली शेगडी पुरे. बर्नरला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्याची बुडं काळी होतात. जास्त झाली की ज्योत उडते, फुरफुरते आणि विझते. इंजिनाचंही तसंच. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. (इथेनॉल मिसळलं की थोडी कमी.) ही हवा मोजून-मापून फिल्टरमधून आत यायला हवी. एखादी रबरी नळी चिरली, गॅस्केट सैल झालं, की चोरवाटेनं जास्तीची हवा आत ओढली जाते. मग संगणक पेट्रोल वाढवत राहतो, आणि त्याच्याही आवाक्याबाहेर गेलं की पिवळा दिवा लावतो. पेट्रोलच जास्त झालं तर लक्षणं उलटी दिसतात: काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळी धरलेला प्लग, घटलेलं ॲव्हरेज.

मी विचारलं, ‘मग पळताना बरी कशी चालते?’ याचंही उत्तर स्वयंपाकघरातलंच. वाटीभर आमटीत पळीभर पाणी पडलं तर चव गेली. पातेलंभर आमटीत कळतही नाही. भोक तेवढंच असतं, पण ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन हवा थोडीच घेतं, तेव्हा ती चोरटी हवा भारी पडते. आणि ब्रेक दाबतो तेव्हा ॲक्सिलरेटर सोडलेलाच असतो ना!

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि मलाच म्हणाले, ‘ऐका.’ सूऽऽ... कुकरची रिंग सैल झाल्यावर येतो तसाच बारीक आवाज. या कानांनी वीस वर्षं तो ओळखलाय! एका जाड नळीवर कापड गुंडाळून त्यांनी पक्कडीनं ती दाबली, तर इंजिनाचा दम क्षणात शांत. नळीला क्लिपपाशी उभी चीर होती. ही नळी जाते ब्रेकच्या बूस्टरकडे. इंजिनाच्याच ओढीवर तो पायाला मदत करतो. म्हणजे ब्रेक खरोखरच जड झाला होता. चपलेचा दोष नव्हता. मला तिथेच घाम फुटला. मागे बसलेल्या आजींना घेऊन आम्ही तशाच महिनाभर फिरलो होतो.

तिथंच तिनं एक परीक्षा शिकून घेतली. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, कडक झाला की पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची. पाय किंचित खाली गेला पाहिजे. नाही गेला, तर गाडी बाहेर काढायची नाही.

मोठ्या शहरांत इंजिनात धूर सोडून गळती शोधतात. काही ठिकाणी नळ्यांवर साबणाचं पाणी शिंपडून आवाज बदलतो का, ते बघतात. पण कुणी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडायला लागला, तर सरळ गाडी तिथून काढा. भडका उडायला वेळ लागत नाही. आणि हो, चालू इंजिनावर वाकताना पदर, ओढणी, वेणी घट्ट खोचून घ्या. पंखा आणि पट्टा कुणाची ओळख ठेवत नाहीत. बंद शेडमध्ये तर इंजिन चालूच ठेवू नका, तो धूर जीवघेणा असतो.

नळी मजुरीसकट सातशे रुपयांत झाली. व्हॅक्यूमसाठीचीच घेतली, साधी पाण्याची नळी आतल्या ओढीनं चपटी होते म्हणे. कोड पुसला, दिवा गेला. किल्ली मी तिला परत दिली, आणि ‘चुकलं माझं’ असं पेशंटांसमोरच म्हणाले.

तो मुलगा अजून आईला दुसऱ्या गाडीनं नेतो. बाकीच्यांना घेऊन परवा निघालो, तर आजींनी स्टेअरिंगकडं बघत विचारलं, ‘आता बंद पडत न्हाई व्हय गं?’

‘थांबा आजी,’ ती म्हणाली, ‘आधी ब्रेक दाबून बघते.’