वर्गातील एक आठवडा

शिक्षकाने फळ्यावर एखादी गोष्ट समजावून सांगितली आणि विद्यार्थ्याने ती वहीत उतरवून घेतली, म्हणजे शिकणे पूर्ण झाले, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कोणतीही नवी गोष्ट एका तासात पक्की होत नाही. ती पाहावी लागते, तिच्याविषयी प्रश्न विचारावे लागतात, चुका करून त्या सुधाराव्या लागतात. या सर्व क्रिया घडण्यास काही दिवस जातात. म्हणूनच शिकण्याचे खरे माप तास नसून आठवडा आहे, असे म्हणता येईल.

सहावी ते आठवी या इयत्तांना उच्च प्राथमिक स्तर म्हणतात. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार या स्तरावर वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे व १००० तास अध्यापन झाले पाहिजे. आठवड्यातून सहा दिवस शाळा भरते असे धरल्यास आठवड्याला सुमारे २७ तास होतात. शिक्षकासाठी मात्र त्याच कायद्याने आठवड्याला किमान ४५ तास काम ठरविले आहे. उरलेला वेळ पाठाची पूर्वतयारी, वह्या तपासणे अशा कामांसाठी असतो. वर्गातील शिकणे या न दिसणाऱ्या कामावरही अवलंबून असते.

हा आठवडा कसा घडतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. छत्तीसगडची राजधानी रायपूर हे शहर धानाच्या प्रदेशात वसले आहे. महाराष्ट्रात अन्यत्र ज्याला भात म्हणतात, त्या पिकाला भंडारा-गोंदियाप्रमाणे येथेही धान म्हणतात. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाच्या तेवीस हजारांहून अधिक वाणांचे नमुने जतन केलेले आहेत. समजा, पेरणीच्या दिवसांत रायपूरमधील सातवीच्या वर्गात 'बियाण्याची उगवण' हा विषय घेतला आहे.

सोमवारी वर्गाचे दोन गट प्रत्येकी ५० दाणे मोजून घेतात, ते भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. मंगळवारी बीज, अंकुर व मूळ यांच्या आकृत्या काढल्या जातात. घरी छत्तीसगढी बोलणारी मुले बुधवारी आपल्या वडीलधाऱ्यांकडून पेरणीची माहिती विचारून आणतात. कोणी रोवणीविषयी सांगतो. कोणी 'बियासी' या पद्धतीविषयी सांगतो. हीत धान फेकून पेरतात आणि रोपे वाढल्यावर उभ्या पिकातून नांगर फिरवतात. घरचे ज्ञान अशा रीतीने वर्गात येते आणि पुस्तकाच्या भाषेत लिहिले जाते.

गुरुवारी गणिताच्या तासाला शेकडेवारीचा सराव होतो. शुक्रवारी मोड आलेले दाणे मोजले जातात. पहिल्या गटाचे ४३ दाणे उगवतात, म्हणजे उगवण ८६ टक्के झाली. दुसऱ्या गटाचे केवळ २१ उगवतात. 'आमचे बियाणे खराब आहे,' असा निष्कर्ष तो गट लगेच काढतो. तेव्हा एक मुलगी विचारते, 'दोन्ही गटांनी दाणे एकाच पोत्यातून घेतले होते ना?' शोध घेतल्यावर दुसऱ्या गटाचे फडके बुधवारीच वाळले होते, असे आढळते. दोष बियाण्याचा नव्हता, प्रयोगाचा होता. शनिवारी तो गट पुन्हा ५० दाणे भिजत घालतो.

या आठवड्यातील सर्वांत मोलाचा पाठ दुसऱ्या गटाच्या चुकीतूनच मिळाला. या पाठाचे मोल वर्गापुरते नाही. धानाच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी, असे भारतातील मानक आहे. उगवण ६० टक्केच असेल, तर तेवढीच रोपे मिळण्यासाठी एक तृतीयांश अधिक बी पेरावे लागते. पेरणीपूर्वी ही परीक्षा न करणाऱ्या शेतकऱ्याचा हंगाम वाया जाऊ शकतो.

हा क्रम तुटला तर काय होते, याचा अनुभव २०२० मध्ये आला. महासाथीमुळे शाळा बंद झाल्यावर छत्तीसगड शासनाने 'पढई तुंहर दुआर', म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी', हा ऑनलाइन उपक्रम एप्रिलमध्ये सुरू केला. परंतु सर्वांच्या घरी स्मार्टफोन वा इंटरनेट नव्हते. म्हणून त्याच वर्षी 'पढई तुंहर पारा', म्हणजे 'शिक्षण तुमच्या वस्तीत', हा उपक्रम आला आणि वस्त्यांमधील मोकळ्या जागांत वर्ग भरू लागले. धडा फोनवरून पोहोचवता येतो. परंतु शेजाऱ्याचे फडके वाळले आहे, हे दाखवून देणारा सोबती त्यावरून सहज मिळत नाही.

शाळेत जाऊ न शकलेल्या व्यक्तीलाही असा आठवडा स्वतः रचता येतो. मुक्त शिक्षणाच्या मूलभूत कार्यक्रमातील 'क' स्तर आठवीच्या समकक्ष मानला जातो. दिवसाचे काम आटोपल्यावर एक विषय निवडावा, एके दिवशी वाचावा, दुसऱ्या दिवशी कोणाला तरी विचारावा, तिसऱ्या दिवशी करून पाहावा आणि शेवटी स्वतःच्या शब्दांत लिहावा. पहिल्या खेपेस दाणे उगवले नाहीत, तर बियाण्याला दोष देण्यापूर्वी फडके ओले आहे का, हे पाहावे. स्वतःच्या बुद्धीविषयीही हाच नियम लागू आहे.