लाल पाणी, काळी भुकटी

शिशीतलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल आहे. हे डॉक्सोरुबिसिन, कर्करोगावरचं औषध. आदल्या संध्याकाळी त्यात थोडी काळी भुकटी टाकून शिशी रात्रभर हलत ठेवलेली. सकाळी बाहेरून चुंबक लावला, तशी सगळी भुकटी सरसर एका कडेला गोळा झाली. उरलेलं पाणी फिकट गुलाबी. औषध भुकटीवर बसलं होतं.

सुरतेतल्या या छोट्या प्रयोगशाळेकडे माझे पाय वळले ते ‘औषध फक्त गाठीपाशी न्यायचं’ या एका वाक्यामुळे. केमोने घरातल्या माणसाचे केस गळताना, तोंड सोलवटताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वाक्य ऐकून सोडून देता येत नाही. डॉक्सोरुबिसिन हृदयालाही इजा करतं. म्हणूनच एका माणसाला आयुष्यभरात ते किती द्यायचं, याला मर्यादा आहे.

इथली संशोधक विद्यार्थिनी मूळची जळगावकडची, घर सुरतेतल्याच उधन्याला. लोखंडाचे फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून ती त्यात अमोनिया सोडते. नारिंगी द्रावण बघता बघता काळंकुट्ट होतं; तीच ही भुकटी. हवा लागली तर हा काळा रंग तपकिरीकडे झुकतो, म्हणून नायट्रोजन सतत चालू. मग भुकटी धुवायची, पुन्हा धुवायची. त्यावर कायटोसानचा लेप द्यायचा. तो पदार्थ कोळंबीच्या टरफलांपासून निघतो, आणि सुरतेजवळच्या ओलपाडकडे कोळंबीची तळी भरपूर.

अमोनियाचा वास ओढणीत मुरतो. ‘घरी गेले की आई आधी आंघोळीला पिटाळते,’ ती सांगते.

भुकटीचा एकेक कण साधारण १० नॅनोमीटरचा. एवढ्या लहान कणांचा गुण असा, की चुंबक दूर नेला की त्यांचं चुंबकत्वही उरत नाही. ते उरलं, तर कण आपसात चिकटून राहतील आणि रक्तात गुठळ्या होतील.

औषध चुंबकाने गाठीपाशी ओढून न्यायची कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकाच्या शेवटी शिकागोत विडर आणि सेन्येई यांनी चुंबकी गोळ्यांवर डॉक्सोरुबिसिन चढवून उंदरांच्या शेपटीतल्या गाठींवर प्रयोग केले. माणसांवरचा पहिला प्रयोग बर्लिनचा. लुब्बे आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली तो प्रसिद्ध केला. रुग्ण होते १४. त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्याच गाठींत कण पोचले.

उंदराची शेपटी बारीक, चुंबक अगदी जवळ टेकवता येतो. माणसाचं यकृत त्वचेपासून कितीतरी आत, आणि अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते. शिवाय परके कण दिसले की यकृत आणि प्लीहेतल्या पेशी ते गिळून टाकतात. शिशीत हे राखणदार नसतात.

‘०.७,’ ती बोटाने टेबलावर आकडा काढते. सर्व प्रकारच्या नॅनोकणांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली घेतला. टोचलेल्या शंभर भागांपैकी गाठीपर्यंत पोचले ०.७, हा त्यातला मध्यक.

हा आकडा ऐकून कुणीही खचेल. पण तिचा भाऊ सुरतेतल्याच कतारगामला हिरे घासतो. कॅरेटचे १०० सेंट, ०.७ सेंटचा हिरा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, आणि त्यावरही सत्तावन्न पैलू पाडतात. ‘आमच्या घरात ०.७ला कुणी कचरा म्हणत नाही,’ ती म्हणते आणि पुढच्या शिशीला चुंबक लावते. या ०.७चं दोन करणं, चार करणं हेच तिचं काम. ते संथ आहे, आणि ते व्हायलाच हवं.

गल्लीतल्या बायका तिला विचारतात, हे औषध मिळतं कुठे? ती स्पष्ट सांगते: आज कुठल्याही रुग्णालयात चुंबकाने ओढून नेलेलं औषध हा नेहमीचा उपचार नाही. चुंबकाच्या नावावर कुणी काही विकत असेल, तर त्यासाठी चालू केमो थांबवू नका.