तूर घरात आली, आता ती राखायची

तूर खळ्यावरून घरात आली की आपण म्हणतो, सुटलो बाई एकदाचे. पण गटाच्या बैठकीत आम्ही जून-जुलैत जे ऐकतो ते वेगळंच असतं. पोतं सोडलं तर दाण्याला भोकं, खाली पांढरी भुकटी, हात घातला की भुंगे मनगटावर चढतात. ती तूर डाळीला चालत नाही, बियाण्याला तर नाहीच. आणि त्याच महिन्यात पेरणीचा खर्च तोंडावर असतो.

आधी हा भुंगा येतो कुठून ते बघू. डाळ जुनी झाली की आपोआप किडते, असं पुष्कळजणी म्हणतात. तसं नसतं. शेतात शेंगा वाळायला लागल्या की मादी शेंगेवर अंडी घालते आणि अळी शेंग पोखरून दाण्यात शिरते. म्हणजे कीड आपणच खळ्यावरून घरी आणतो, दिसत मात्र नाही. पुढं पोत्यात ती थेट दाण्यावर अंडी घालते. दाण्यावर बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर समजायचं की ही अंडी. अळी आत राहून दाणा खाते आणि भुंगा गोल भोक पाडून बाहेर पडतो. गंमत बघा, बाहेर आलेला भुंगा काही खात नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि मरायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून भोक दिसतं तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

एक मादी 80 ते 100 अंडी घालू शकते आणि उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते. समजा, त्यातली फक्त 20 जगली आणि निम्म्या माद्या निघाल्या. तर पहिल्या महिन्याला 20, दुसऱ्याला 200, तिसऱ्याला 2000. मार्चमध्ये ‘चार-दोन तर आहेत’ म्हणून सोडून दिलेले भुंगे जूनमध्ये पोतं का खातात, ते यातून कळतं.

मग करायचं काय? सगळ्यात मोठं काम उन्हाचं. तूर ताडपत्रीवर पसरा, मातीवर नको आणि डांबरी रस्त्यावर तर नकोच. थर पातळ ठेवा, दिवसातून तीन-चारदा हात फिरवा आणि संध्याकाळी गोळा करून झाका. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. दबला, चेपला, तर अजून ऊन हवं. मिठाचीही एक परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बरणीत थोडं कोरडं मीठ आणि त्याच्या तिप्पट-चौपट धान्य घाला, झाकण लावून हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य चांगलंच ओलं आहे. नाही चिकटलं म्हणून लगेच भरू नका, दाताची परीक्षा घ्याच. कडधान्यात ओल 9-10 टक्क्यांच्या वर नसावी.

वाळलेली तूर गरम असताना कोठीत भरू नका. आतल्या आत घाम सुटतो, झाकणाला पाणी धरतं आणि वरचा थर बुरसतो. रात्रभर गार होऊ द्या, चाळून फुटके दाणे आणि कचरा काढा, मगच भरा. गेल्या वर्षीची उरलेली तूर नव्यात मिसळायची नाही. जुनी पोती उलटी करून झटका आणि कडक उन्हात टाका. त्यांच्या शिवणीत भुंगे लपलेले असतात.

आता भरायचं कशात? भुंग्यालाही श्वास लागतो. हवाबंद पिशवी किंवा घट्ट झाकणाचा ड्रम काठोकाठ भरला, तर आतली कीड आहे तेवढी हवा संपवते आणि गुदमरून मरते. अट एकच, दर आठ दिवसांनी उघडून बघायचं नाही. रोजच्या खाण्याची तूर वेगळ्या डब्यात काढून ठेवा. बरं, आजीच्या काळचा एरंडेल तेलाचा हातही खोटा नाही. तेलकट दाण्यावर अंडी नीट जगत नाहीत. किलोला चमचाभर तेल पुरतं, पण ते प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे. नुसत्या कडुलिंबाच्या पाल्यावर मात्र आमचा भरवसा नाही. आणि घरखर्चाची तूर लवकर भरडून डाळ करून ठेवली तर आणखी बरं. या भुंग्याला अख्खा दाणा लागतो, डाळीवर त्याचं फारसं चालत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायची आहे. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात आणू नका. हवेतल्या दमटपणानं त्या गोळीतून विषारी वायू सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याच्यावर उतारा देणारं औषध नाही. आपलं धान्य कुठं असतं? पोरं झोपतात त्याच खोलीत. फडक्यात गुंडाळून टाकली म्हणून वायू अडत नाही. चार पोती तूर गेली तर पुढच्या वर्षी पिकेल. कुणी आणून दिली तरी परत करा.

तूर टिकवता आली की ‘किडेल म्हणून विकून टाका’ हे कारण उरत नाही. पैशाची नड उरतेच. त्यासाठी बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज योजना आहे. माल समितीच्या गोदामात ठेवायचा, त्यावर कर्ज घ्यायचं आणि भाव बरा आला की विकून ते फेडायचं. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, कोणता माल घेतात, व्याज किती, हे गटातल्या दोघीतिघींनी मिळून विचारून यावं. सातबारा मागतात. तिथंच आपलं घोडं अडतं, कारण पेरणी, खुरपणी, कापणी आपली आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. म्हणून बाजार समितीत जाल त्याच दिवशी तलाठ्याकडेही जा आणि उताऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून पत्नीचं नाव लावायला काय कागद लागतात ते विचारा.

ताडपत्री आणि मोठी चाळणी प्रत्येकीनं घ्यायची गरज नाही. गटाची एक-एक घ्या आणि ज्या घरी तूर आधी निघते तिथून पाळी लावा. अवकाळी पावसाचे ढग दिसले तर पाळी मोडून, ज्या घरचा माल उघड्यावर असेल तिथं ताडपत्री आधी जाईल, हे बैठकीच्या वहीत आत्ताच लिहून ठेवा.