पदार्थविज्ञान शिकायचंय? मग संगणकाशीही गट्टी हवी!

काशी म्हटलं की मराठी माणसाला गंगा, विश्वेश्वर आणि फार तर गागाभट्ट आठवतात. पण याच काशीत एक मराठी घर गणित आणि विज्ञानात रमलं होतं. मूळचे कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजला रँग्लर झाले आणि पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. त्यांचे चिरंजीव म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर.

या घरात भिंतीवर फळे होते. एम.एस्सी. करायला बनारसला आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर भाच्यासाठी एखादं अवघड कोडं लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत फळा पुसला जात नसे. उत्तर पाठ करण्यापेक्षा ते शोधण्यात गंमत असते, हा धडा जयंतला घरातच मिळाला. १९५७ साली बनारसची बी.एस्सी. पदवी घेऊन तो केंब्रिजला गेला.

योगायोग १९५७ चा

त्याच वर्षी अमेरिकेत आयबीएम कंपनीने ‘फोरट्रान’ ही संगणकाची भाषा वापरात आणली. शास्त्रीय आकडेमोडीसाठीच ती घडवली होती. भारतात मात्र तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्याला संगणकाचं दर्शनही दुर्लभ होतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफरॅक’ १९६० साली कामाला लागला आणि कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हे यंत्र १९६३ साली आलं.

आज चित्र पालटलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास आखलेल्या भौतिकशास्त्र ऑनर्सच्या नमुना अभ्यासक्रमात लंबक आणि भिंगांच्या जोडीला प्रोग्रॅमिंगचे तासही आले. पण घरोघरी प्रश्न पडतो तो वेगळाच: संगणकच शिकायचा, तर मुलाने सरळ इंजिनीअरिंगला का जाऊ नये? फिजिक्स घेऊन पुढे काय?

लंबकाची गोष्ट

याचं उत्तर एका साध्या लंबकात आहे. बारावीच्या पुस्तकात लंबकाच्या आंदोलनकाळाचं एक सुटसुटीत सूत्र असतं. ते खरं ठरतं, पण झोका लहान असेल तेव्हाच. लंबक पार आडवा, म्हणजे ९० अंशांपर्यंत नेऊन सोडला, तर एका आंदोलनाला सूत्राने सांगितलेल्या वेळेपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त वेळ लागतो. हे कागदावर काढायला अवघड गणित लागतं. संगणकावर मात्र पंधरा-वीस ओळी पुरतात: वेळेचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात वेग किती बदलला आणि लंबक कुठवर सरकला ते मांडायचं आणि हेच हजारो वेळा करायचं.

गंमत पुढेच आहे. वेळेचे तुकडे जाडे ठेवले आणि अगदी साधी पद्धत वापरली, तर पडद्यावरचा लंबक कुणी न ढकलताच उंच उंच झोके घेऊ लागतो! संगणकाला त्यात काहीच वावगं वाटत नाही. ‘अरे, ऊर्जा अशी फुकट कशी वाढेल?’ हे विचारायला पदार्थविज्ञान शिकलेलं डोकंच लागतं. म्हणून प्रोग्रॅमिंग हे नोकरीपुरतं सर्टिफिकेट नव्हे, दुर्बिणीसारखं ते विज्ञानाचं हत्यार आहे. आणि हत्यार चालवणाऱ्याला आपण काय पाहतो आहोत हे कळावं लागतं.

पालकांनी काय पाहावं?

बनारसच्या विद्यापीठात पदवीचा प्रवेश २०२२ पासून ‘सीयूईटी’ या सामायिक परीक्षेतून होतो. अर्ज भरण्याआधी कोणत्याही कॉलेजच्या अभ्यासक्रमात तीन गोष्टी तपासाव्यात. फिजिक्सबरोबर गणित भक्कम आहे का? संगणकाचे तास प्रयोगशाळेत होतात की नुसते वहीत? आणि मुलांकडून एखादा प्रकल्प स्वतः करून घेतात का?

घरी महागडं यंत्र हवं असंही नाही. साधा, जुना संगणकही या अभ्यासाला पुरतो. पायथॉनसारखी भाषा फुकट मिळते. आधी एकच भाषा नीट शिकावी. भाषांची यादी लांबवत बसू नये. पुढे एम.एस्सी. आणि संशोधनाची वाट आहेच; शिवाय हवामान, अवकाश, वैद्यकीय उपकरणं, आकडेवारीचं विश्लेषण अशा क्षेत्रांतही हीच जोडी उपयोगी पडते. मात्र पदवी हाती पडताच मोठा पगार सुरू होईल, अशी खात्री कुणी देऊ नये. ही वाट धीराची आहे. मुलाला खरोखर गोडी असेल तरच ती सुखाची होते.

डॉ. नारळीकरांचं २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झालं. बनारसच्या त्या फळ्याची जागा आता घरोघरी चमकणाऱ्या पडद्याने घेतली आहे. त्यावर तयार उत्तरं चुटकीसरशी मिळतात. एखादं कोडं सुटेपर्यंत तसंच राहू द्यायचं, एवढं मात्र घरातल्या मोठ्यांनाच ठरवावं लागेल.