किल्ली काढली म्हणजे गाडी बंद झाली का?

राष्ट्रीय महामार्ग 53 वर मलकापूर ते खामगाव या पट्ट्यात ढाब्यावर ट्रक लागतो. इंजिन थांबतं, चालक खाली उतरतो, तरी टाकीजवळून घरघर येतच राहते. काहीतरी चालू राहिलं असं वाटून तो कट-ऑफ स्विच पाडतो. बॅटरी जपायची ही जुनी, चांगली सवय. पण 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल ट्रकला ती नडू शकते. ती घरघर बहुधा धूर स्वच्छ करणाऱ्या युरिया-द्रावणाच्या पंपाची असते. नळीत उरलेलं द्रावण तो टाकीत परत ओढत असतो. मध्येच वीज तोडली तर द्रावण आतच वाळतं, त्याचे खडे होतात आणि इंजेक्टर तुंबतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं थांबून मगच स्विच पाडावा.

किल्ली फिरवली की सगळं बंद, हे जुन्या जीपपुरतं खरं होतं.

आजच्या कारमध्ये अनेक छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे मांडलेली ही पद्धत म्हणजे ‘कॅन’. गाडी लॉक केल्यावर हे कॉम्प्युटर एकेक करून झोपी जातात; कुठे पाच मिनिटं लागतात, कुठे अर्धा तास. नंतरही रिमोटची हाक ऐकणारा आणि तारांवरची हालचाल ओळखणारा भाग जागाच राहतो. हा पहारा धरून अख्खी गाडी साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर घेते.

हिशेब करून पाहावा. 30 मिलिअँपिअर म्हणजे महिन्याला जवळपास 22 अँपिअर-अवर. लहान कारच्या 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीतला निम्म्याहून जास्त साठा गेला! चिखलीच्या अंगणात महिनाभर उभी राहिलेली कार सेल्फ घेत नाही, तेव्हा कशातही बिघाड नसू शकतो.

एकच कॉम्प्युटर झोपला नाही आणि अर्धा अँपिअर ओढत राहिला, तर मात्र दिवसाला 12 अँपिअर-अवर जातात. तिसऱ्या सकाळी गाडी ढिम्म. ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी बसवली जाते, आणि तीही तशीच उतरते. चोर भलतीकडेच असतो: डायरेक्ट वायरवर घेतलेला डॅशकॅम, जीपीएस, म्युझिक सिस्टिम. काही गाड्यांत तर ओसरीतल्या खिळ्याला टांगलेली स्मार्ट किल्लीही गाडीला पुन्हा पुन्हा जागं करते.

चोर शोधताना घाई झाली की मल्टीमीटरही फसवतो. बॉनेट उघडलं की गाडी जागी होते आणि काटा अँपिअरमध्ये जातो. बॉनेटचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबावं लागतं. फ्यूज उपटत बसणंही चुकीचं, कारण तो परत लावताच झोपलेला कॉम्प्युटर उठतो. फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजले की कुठल्या वाटेने वीज जाते ते कळतं.

उभ्या गाडीचं इंजिन रोज पाच मिनिटं चालू ठेवण्याने आठवड्यांची तूट भरत नाही; ती तासभराच्या प्रवासातही पुरती भरेलच असं नाही.

बॅटरी बसली की दोष थंडीला दिला जातो, तोही अर्धवट. मलकापूर-खामगावकडे मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो. उष्णतेने बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात, आणि उभ्या उभ्या होणारी गळती दर 10 अंशांमागे साधारण दुप्पट होते. डिसेंबरच्या पहाटे सेल्फ फिरत नाही, तेव्हा ते अनेकदा मे महिन्यातलं नुकसान असतं.